पेट्रोलची गाडी आणि विजेची गाडी

मुलांनो, महाराष्ट्रात एसटीची पहिली बस कोठून कोठे गेली, हे तुम्हाला ठाऊक आहे का? ती अहमदनगरहून, म्हणजे आताच्या अहिल्यानगरहून, पुण्याला गेली. तो दिवस होता १ जून १९४८. त्या बसचा सांगाडा लाकडी होता आणि वर कापडी छत होते. आत तीस माणसे बसत. आज ती बस आपल्याला खेळण्यासारखी वाटेल. पण तेव्हा गावोगावचे लोक ती पाहायला रस्त्यावर उभे राहिले होते असे म्हणतात.

त्यानंतर बरोबर ७४ वर्षांनी, १ जून २०२२ रोजी, याच रस्त्यावर एसटीची आणखी एक पहिली बस धावली. ती पुण्याहून नगरला आली. तिचे नाव 'शिवाई'. ही बस विजेवर चालते. तिला डिझेल लागत नाही, तिच्यातून धूर येत नाही आणि तिचा आवाजही फार थोडा होतो.

काही दिवसांनी मी या बसने पुण्याहून नगरला आलो. माझ्या शेजारी एक आजोबा बसले होते. बस स्टँडबाहेर पडेपर्यंत ते अस्वस्थ होते. शेवटी त्यांनी पुढे वाकून विचारले, "ड्रायव्हरसाहेब, गाडी चालू केली का नाही अजून?" तोपर्यंत आम्ही रस्त्याला लागलो होतो! सगळे हसले, आजोबाही हसले. इंजिनाची घरघर ऐकली नाही, तर गाडी सुरू झाली असे आपल्याला वाटतच नाही. इतकी आपल्याला त्या आवाजाची सवय आहे.

दुसऱ्या दिवशी ही गंमत मी नववीच्या वर्गात सांगितली. मुले हसली. पण मागच्या बाकावरचा एक मुलगा हसला नाही. त्याच्या वडिलांचे मोटारदुरुस्तीचे गॅरेज आहे. तो उभा राहिला आणि म्हणाला, "सर, उद्या सगळ्याच गाड्या अशा झाल्या, तर अब्बांच्या गॅरेजचे काय होईल?"

मी लगेच उत्तर देऊ शकलो नाही. शाळेत शिकवणाऱ्या माणसाला प्रत्येक प्रश्नाचे उत्तर येतेच असे नाही. मग मी थोडे वाचले, थोडा हिशेब केला आणि त्याच्या अब्बांच्या गॅरेजमध्ये जाऊन बसलो. त्यातून जे समजले, ते तुम्हाला सांगतो.

प्रथम दोन्ही गाड्या चालतात कशा, ते पाहू या.

पेट्रोलच्या इंजिनात पेट्रोलची वाफ आणि हवा यांचे मिश्रण एका नळकांड्यात दाबले जाते. मग स्पार्क प्लगमधून ठिणगी पडते. मिश्रण भडकते, गरम वायू फुगतो आणि दट्ट्याला जोराने ढकलतो. या दट्ट्यालाच आपले मिस्त्री 'पिस्टन' म्हणतात. पिस्टनच्या वरखाली होण्याचे रूपांतर चाकाच्या फिरण्यात करायचे, तर मध्ये क्रँक, क्लच, गिअर असे अनेक भाग लागतात. इंजिन तापते म्हणून पाणी लागते. भाग एकमेकांवर घासतात म्हणून तेल लागते. धूर बाहेर सोडायला सायलेन्सर लागतो.

विजेच्या गाडीत हा पसारा नाही. बॅटरीतून वीज निघते, मोटरमध्ये जाते आणि मोटर फिरते. घरातला पंखा फिरतो, त्याच जातीची ही मोटर. मात्र ताकदीने कितीतरी मोठी. मोटर मुळातच गोल फिरते, त्यामुळे वरखाली होणाऱ्या भागांची गरज पडत नाही. गाडी उताराला लागली किंवा चालकाने वेग कमी केला, की हीच मोटर उलटे काम करू लागते. चाके तिला फिरवतात आणि ती वीज तयार करून बॅटरीत परत पाठवते. नगरहून पाथर्डीला जाताना करंजीचा घाट लागतो. पेट्रोलची गाडी हा घाट उतरताना नुसते ब्रेक झिजवते. विजेची गाडी तेथे चढताना खर्चलेल्या विजेपैकी थोडी परत मिळवते.

(जाता जाता एक गोष्ट. उर्दूतील 'बिजली' आणि मराठीतील 'वीज' या सख्ख्या बहिणी आहेत. दोन्ही शब्द संस्कृत 'विद्युत्' या शब्दापासून आले. आणि 'कारखाना', 'कारागीर', 'दुरुस्ती' हे मराठी शब्द तर तुम्हाला शिकवावेही लागत नाहीत. ते फारसीतून तुमच्याकडेही आले आणि मराठीतही आले.)

आता थोडा हिशेब करू. वहीत करून पाहा, अवघड नाही.

वीज आपण युनिटमध्ये मोजतो. एक हजार वॅटची शेगडी तासभर चालली, की एक युनिट वीज खर्च होते. घरी येणाऱ्या बिलावर हाच आकडा असतो. पेट्रोलमधील उष्णताही युनिटमध्ये सांगता येते. एक लिटर पेट्रोल जाळले, तर सुमारे नऊ युनिट ऊर्जा मिळते. एखादी मध्यम मोटार लिटरमागे १५ किलोमीटर जाते, असे धरू. म्हणजे नऊ युनिटमध्ये १५ किलोमीटर. तेवढीच विजेची मोटार एका युनिटमध्ये साधारण साडेसहा किलोमीटर जाते. म्हणजे नऊ युनिटमध्ये जवळजवळ ६० किलोमीटर!

एवढा फरक कशाने पडतो? पेट्रोलच्या इंजिनात जळलेल्या इंधनाची बहुतेक उष्णता वाया जाते. काही धुराबरोबर जाते, काही इंजिन तापवते. चाकापर्यंत सुमारे पाव भाग पोहोचतो. मोटर मात्र मिळालेल्या विजेतील नव्वद टक्क्यांच्या आसपास उपयोगात आणते.

पैशांच्या भाषेत बोलायचे, तर हे लिहिताना आपल्याकडे पेट्रोल लिटरला शंभर रुपयांहून महाग आहे. त्यामुळे शंभर किलोमीटरला सुमारे सातशे रुपयांचे पेट्रोल लागते. विजेच्या मोटारीला तेवढ्याच अंतरासाठी पंधरा ते सतरा युनिट लागतात. घरच्या मीटरवर युनिटला दहा रुपये धरले, तरी दीडशे-पावणेदोनशे रुपयांत काम होते. रस्त्यावरच्या चार्जिंग केंद्रात हाच खर्च दुप्पट होऊ शकतो. तरीही तो पेट्रोलपेक्षा कमीच राहतो.

हे ऐकून तुम्ही म्हणाल, "मग प्रश्न कसला? उद्यापासून सगळ्यांनी विजेच्या गाड्या घ्याव्यात!" थांबा. आपण मोटर आणि इंजिन यांची तुलना केली. आता टाकी आणि बॅटरी यांची तुलना करू. येथे पेट्रोल बाजी मारते.

पेट्रोलच्या टाकीत ४० लिटर पेट्रोल मावते. त्याचे वजन सुमारे ३० किलो. त्यावर गाडी ६०० किलोमीटर जाते. विजेच्या गाडीत एक युनिट वीज साठवायला साधारण सहा-सात किलो वजनाची बॅटरी लागते. ६०० किलोमीटर जायला नव्वदहून अधिक युनिट हवेत. म्हणजे सहाशे किलोंहून जड बॅटरी! ३० किलो कोठे आणि ६०० किलो कोठे? शिवाय ती बॅटरी इतकी महाग पडते, की सामान्य माणूस किंमत ऐकूनच परत फिरेल. म्हणून कारखानदार लहान बॅटरी बसवतात. पुणे-नगर रस्त्यावर रांजणगावची औद्योगिक वसाहत लागते. जानेवारी २०२० मध्ये विक्रीला आलेली टाटांची विजेवरील 'नेक्सॉन' मोटार या वसाहतीत तयार होऊ लागली. तिच्या पहिल्या आवृत्तीत सुमारे ३० युनिटची बॅटरी होती. चाचणीत ती ३१२ किलोमीटर चालली. रोजच्या रस्त्यावर, एसी लावून, चार माणसे घेऊन जाताना अंतर त्याहून बरेच कमी भरते.

दुसरी गोष्ट वेळेची. पेट्रोलपंपावर टाकी भरायला तीन-चार मिनिटे लागतात. तेवढ्या वेळात गाडीत किती ऊर्जा शिरते? ४० लिटर गुणिले नऊ, म्हणजे ३६० युनिट. महिन्याला १२० युनिट वापरणाऱ्या घराची तीन महिन्यांची वीज! एवढी ऊर्जा इतक्या वेगाने तारेतून ओतता येत नाही. घरच्या मोठ्या प्लगवर ३० युनिटची बॅटरी भरायला नऊ-दहा तास लागतात. जलद चार्जिंग केंद्रात अर्धा ते एक तास लागतो. आणि तेथे आपल्या आधी दोन गाड्या उभ्या असल्या, तर पुढचा हिशेब तुम्हीच करा.

ही अडचण नवी नाही. तुम्हाला नवल वाटेल, पण विजेची मोटार ही आजची कल्पनाच नव्हे. २९ एप्रिल १८९९ रोजी पॅरिसजवळ कामी जेनात्सी नावाच्या बेल्जियन माणसाने ताशी १०० किलोमीटरचा वेग ओलांडला. रस्त्यावरील वाहनात असा वेग त्यापूर्वी कोणी गाठला नव्हता. त्याची मोटार विजेची होती! सुमारे १९०० साली अमेरिकेतील मोटारींपैकी जवळजवळ एक तृतीयांश विजेवर चालत. त्या काळी पेट्रोलची गाडी सुरू करायला समोरून दांडा घालून तो जोराने फिरवावा लागे. दांडा उलटा फिरला, तर मनगट मोडे. म्हणून शहरातील पुष्कळ लोक विजेची गाडी पसंत करत.

मग ती हरली कशी? १९०८ मध्ये हेन्री फोर्ड यांनी 'मॉडेल टी' ही स्वस्त पेट्रोलची मोटार बाजारात आणली. अमेरिकेत तेलाच्या मोठ्या विहिरी सापडल्याने पेट्रोल स्वस्त झाले. १९१२ मध्ये कॅडिलॅक मोटारीत चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा स्टार्टर बसला आणि दांडा फिरवण्याचा त्रास संपला. गंमत पाहा, पेट्रोलच्या गाडीला जिंकून दिले, त्यात एका लहानशा विजेच्या मोटरचाही वाटा होता! विजेच्या गाडीतील शिशाची बॅटरी तेवढी मागे राहिली. ती जड होती, लवकर उतरे आणि भरायला वेळ घेई.

१९९१ मध्ये जपानच्या सोनी कंपनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली. लिथियम हा सर्वांत हलका धातू आहे. आधी ही बॅटरी कॅमेऱ्यात आली, मग मोबाइलमध्ये आली आणि हळूहळू मोटारीत आली. ती ज्यांच्या संशोधनातून घडली, त्या गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघा शास्त्रज्ञांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. जे युद्ध १९१२ च्या सुमारास संपल्यासारखे वाटत होते, ते या बॅटरीने पुन्हा सुरू केले.

आता कोणत्या गाडीला वीज सोसते आणि कोणत्या गाडीला सोसत नाही, ते पाहा. माझ्या मते खरा प्रश्न येथेच आहे. 'विजेच्या गाड्या पेट्रोलची जागा घेतील का?' असा एकच प्रश्न विचारला, की लोक दोन गट पाडून भांडू लागतात. पण गाडी गाडीत फरक असतो.

रेल्वे घ्या. मुंबईत विजेची आगगाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी सुरू झाली. आपल्या दौंड-मनमाड मार्गावरही आता विजेची इंजिने धावतात. रेल्वेला हे सोपे गेले, कारण ती वीज बरोबर घेऊन जात नाही. ती डोक्यावरच्या तारेतून घेते. बॅटरी वाहण्याचा प्रश्नच नाही.

बसला तार नाही, पण तिचा रस्ता आणि वेळ ठरलेली असते. पुणे ते नगर सुमारे १२० किलोमीटर. 'शिवाई'त ३२२ युनिटची बॅटरी आहे. नगरला पोहोचल्यावर ती चार्जिंगला लावता येते. तिला वाटेत कोठे थांबायचे, याची चिंता नाही. तरीही सगळी एसटी लगेच बदलली असे समजू नका. एसटीच्या ताफ्यात आजही बहुतेक गाड्या डिझेलच्याच आहेत. विजेची बस महाग असते आणि प्रत्येक आगारात तिच्यासाठी मोठा वीजपुरवठा आणावा लागतो.

रिक्षाचे पाहा. ती दिवसभर गावातच फिरते आणि रात्री दारात उभी असते. तिचा वेग कमी, अंतर थोडे. भारतात आज विकल्या जाणाऱ्या नव्या तीनचाकी गाड्यांपैकी निम्म्याहून अधिक विजेच्या आहेत. येथे वीज जवळजवळ जिंकलीच आहे. याउलट नव्या मोटारींमध्ये विजेच्या मोटारी २०२४ मध्ये शंभरात दोन-तीनच होत्या. श्रीमंतांच्या मोटारीआधी रिक्षा बदलली, ही गोष्ट मला तरी फार आवडते.

आणि लुना! तुमच्या आजोबांना लुना विचारा. १९७२ मध्ये आलेली ही पन्नास सीसीची मोपेड कायनेटिक कंपनीची. ती नगरच्या दौंड रस्त्यावरच्या कारखान्यात बनत असे. दूधवाले, पोस्टमन, शिक्षक, शेतकरी सगळे तिच्यावर फिरत. पुढे ती बंद झाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये तीच लुना 'ई-लुना' या नावाने परत आली. या वेळी ती विजेवर चालणारी होती. तिच्या सांगाड्याचे भाग नगरच्या जुन्या कारखान्यात बनवण्याची सोय करण्यात आली. तिची बॅटरी दोन युनिटची असते आणि एकदा भरल्यावर ती ११० किलोमीटर जाते, असे कंपनी सांगते. ते थोडे कमी भरले, तरी वीस रुपयांच्या विजेत दोन-तीन दिवसांचे काम होते. कॅन घेऊन रोज दहा-पंधरा किलोमीटर जाणाऱ्या दूधवाल्याला आणखी काय हवे?

पण आता राहाता, श्रीरामपूर, नेवासा या भागात या. आशियातील पहिला सहकारी साखर कारखाना आपल्याच जिल्ह्यात प्रवरानगरला १९५० मध्ये सुरू झाला. गाळपाच्या हंगामात दोन-दोन ट्रेलर उसाने भरून ट्रॅक्टर रात्रंदिवस कारखान्याकडे जातात. एखादा ट्रॅक्टर नांगरणीत तासाला २५ युनिट ताकद चाकांना देतो, असे धरू. आठ तासांना २०० युनिट झाले. त्यासाठी तेराशे किलोंची बॅटरी लागेल. ती भरायची कोठे? रानात? अशा कामात डिझेलला अजून काही वर्षे तरी तोड दिसत नाही.

याच रस्त्यांवर हंगामात आणखी एक वाहन दिसते. बीडकडून आलेले ऊसतोड मजूर रबरी टायरच्या बैलगाड्यांतून ऊस वाहतात. ट्रॅक्टर येऊन किती दशके झाली! तरी बैलगाडी पूर्णपणे गेली नाही. जेथे ती परवडते, तेथे ती टिकली. 'जागा घेणे' म्हणजे जुने एकदम नाहीसे होणे असे आपण समजतो. रस्त्यावर मात्र तसे क्वचितच घडते.

उसाचा पेट्रोलशीही संबंध आहे. साखर काढल्यावर उरणाऱ्या मळीपासून, तसेच उसाच्या रसापासूनही, इथेनॉल बनते. ते पेट्रोलमध्ये मिसळतात. असे मिश्रण विकण्याचा प्रयोग २००१ मध्ये ज्या मोजक्या ठिकाणी झाला, त्यांत आपल्या शेजारचे मनमाड होते. २०२५ पर्यंत हे प्रमाण वीस टक्क्यांपर्यंत गेले. म्हणजे आज पंपावर जे 'पेट्रोल' मिळते, त्यातला पाचवा भाग शेतातून आलेला असू शकतो. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे गाडी थोडी कमी अंतर जाते. शिवाय ऊस पाणी फार पितो आणि आपल्या जिल्ह्याच्या दक्षिणेकडील तालुक्यांत प्यायला टँकर लागतो. तेव्हा हा उपायही फुकटचा नाही. पण त्यामुळे पेट्रोलच्या इंजिनाला आणखी काही वर्षांचे आयुष्य मिळाले, हे खरे.

विजेची गाडी धूर सोडत नाही, असे मी सुरुवातीला म्हटले. ते माळीवाड्यापुरते खरे आहे. गाडीची वीज येते कोठून? भारतातील सुमारे सत्तर टक्के वीज कोळशापासून तयार होते. चंद्रपूरचे वीजकेंद्र २९२० मेगावॅटचे आहे आणि तेथे रोज कोळशाच्या गाड्यांमागून गाड्या रिकाम्या होतात. नगरच्या गल्लीत रात्री चार्जिंगला लावलेल्या रिक्षात चंद्रपूरचा कोळसा असतो. धूर नाहीसा झाला नाही, त्याने पत्ता बदलला. अर्थात मोटर ऊर्जा कमी वाया घालवते, म्हणून दर किलोमीटरचा एकूण धूर सहसा कमीच भरतो. आणि वीज स्वच्छ झाली, की तीच जुनी रिक्षा काही न बदलता आणखी स्वच्छ होते. पेट्रोलच्या गाडीला हे साधत नाही.

वीज स्वच्छ करण्याची साधनेही आपल्या जिल्ह्यात आहेत. प्रवरा नदीवर भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले. तेथे पाण्यापासून वीज तयार होते. पुण्याहून येताना सुप्याजवळ कवड्या डोंगरावर पवनचक्क्या फिरताना दिसतात. राळेगणसिद्धीत शेतीपंपांना दिवसा सूर्याची वीज देण्याचा प्रकल्प झाला. पण सूर्याची वीज दुपारी मिळते आणि बहुतेक गाड्या चार्जिंगला रात्री लागतात. मग दुपारची वीज रात्रीपर्यंत ठेवायची कोठे?

याचे एक उत्तर अकोले तालुक्यात घाटघरला आहे. तेथे सह्याद्रीच्या माथ्यावर एक तलाव आणि खाली कोकणच्या बाजूला चोंढे येथे दुसरा तलाव आहे. विजेची मागणी कमी असते, तेव्हा जास्तीची वीज वापरून खालचे पाणी वर चढवतात. मागणी वाढली, की तेच पाणी खाली सोडून वीज तयार करतात. २५० मेगावॅटचा हा प्रकल्प २००८ पासून चालू आहे. अशा प्रकल्पांत शंभर युनिट घातले, तर पंचाहत्तर-ऐंशी परत मिळतात. म्हणजे अख्खा डोंगर ही एक बॅटरीच! तुमची सहल भंडारदऱ्याला गेली, तर सरांना सांगून घाटघरपर्यंत जरूर जा.

जगात कोठे विजेने पेट्रोलला मागे टाकले आहे का? नॉर्वे या देशात टाकले आहे. तेथे २०२४ मध्ये विकल्या गेलेल्या दर दहा नव्या मोटारींपैकी जवळजवळ नऊ विजेच्या होत्या. पण नव्या मोटारी वेगळ्या आणि रस्त्यावर असलेल्या सगळ्या मोटारी वेगळ्या. रस्त्यावर विजेच्या मोटारींची संख्या पेट्रोलच्या मोटारींहून किंचित जास्त झाली, ती सप्टेंबर २०२४ मध्ये. डिझेलच्या मोटारी तेव्हाही त्या दोन्हींपेक्षा अधिक होत्या. नॉर्वे श्रीमंत आहे, त्याची जवळजवळ सगळी वीज पाण्यापासून होते आणि तेथील सरकार विजेच्या मोटारींना १९९० पासून करात सवलती देत आले आहे. तरी इतकी वर्षे लागली. एकदा घेतलेली मोटार पंधरा वर्षे चालते. आपल्याकडे तर ती एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे जाते आणि शेवटचा मालक तिला वीस वर्षांचीही करतो!

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येऊ.

त्याच्या अब्बांच्या गॅरेजमध्ये मी एक संध्याकाळ बसलो होतो. त्या दिवशी त्यांच्याकडे आलेली कामे मी कागदावर लिहिली. एक क्लचप्लेट, दोन गाड्यांचे ऑइल आणि फिल्टर, एका गाडीच्या इंजिनाचे काम, एक सायलेन्सर, एक ब्रेक, एक शॉकॲब्सॉर्बर, एका दरवाजाचा पोचा. मग आम्ही दोघांनी मिळून विजेच्या गाडीत जी कामे नसतील, ती खोडली. क्लच गेला, ऑइल गेले, इंजिन गेले, सायलेन्सर गेला. उरले ब्रेक, शॉकॲब्सॉर्बर आणि पोचा. ब्रेकही कमी झिजेल, कारण वेग कमी करण्याचे बरेचसे काम मोटरच करते. ते कागदाकडे बराच वेळ पाहत होते. "मास्तर, तुम्ही तर माझे दुकानच खोडले," ते म्हणाले.

मला वाईट वाटले. पण खोटा दिलासा देणे बरे नव्हे. पेट्रोलची दुरुस्ती एका रात्रीत संपणार नाही. जुन्या गाड्या अजून पंधरा-वीस वर्षे गॅरेजमध्ये येत राहतील. अब्बांच्या हातचे काम त्यांच्या हयातीत बहुधा पुरेल. त्यांच्या मुलाला मात्र तेच काम पुरेलच असे नाही.

विजेच्या गाडीत नव्या गोष्टी बिघडतात. बॅटरीतील एखादा घट मरतो, कंट्रोलर जळतो, तारेचा जोड सैल होतो. ही कामे पाना-स्क्रूड्रायव्हरने होत नाहीत. मोटारीच्या बॅटरीत तीनशे व्होल्टहूनही अधिक दाब असू शकतो. घरातील विजेचा दाब २३० व्होल्ट असतो; त्यावरून धोका ओळखा. अशा गाडीत जास्त दाबाच्या तारा नारिंगी रंगाच्या असतात. बॅटरीचा संबंध तोडून, थोडा वेळ थांबून, रबरी हातमोजे घातल्याशिवाय त्यांना हात लावायचा नसतो. हे काम शिकूनच करावे लागते. आयटीआयमध्ये 'मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेईकल' नावाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आता आहे. त्याला दहावी उत्तीर्ण व्हावे लागते आणि त्यात ओहमचा नियम लागतो. होय, तोच नियम, जो पाठ करताना तुम्ही जांभया देता!

हे मी त्या मुलाला वर्गाबाहेर सांगितले. तो काही बोलला नाही. पंधरा दिवसांनी मी स्कूटरचे पंक्चर काढायला त्यांच्याकडे गेलो. गॅरेजच्या एका कोपऱ्यात विजेची एक रिक्षा उभी होती. तिचे झाकण उघडे होते. अब्बांनी मीटर हातात धरला होता आणि मुलगा विज्ञानाचे पुस्तक पाहून कोणती तार कोठे लावायची, ते त्यांना सांगत होता. दोघांचे एकमत होत नव्हते.

"सर, बरे झाले आलात," मुलगा म्हणाला, "अब्बांना जरा सांगा, व्होल्ट मोजताना मीटर समांतर जोडतात ना?"

"समांतर," मी म्हणालो.

अब्बांनी तार काढली आणि पुन्हा लावली.